पळता टाइप

त्या टाइपाला कारखान्याच्या यादीत नुसता नंबर होता. ‘पळता टाइप’ हे नाव आमच्या छापखान्यातलं. उंचीला अंगठ्याच्या नखाएवढा, अंगानं जाड, काळा, आणि उजवीकडे झुकलेला. डोक्यावरची रेघ कुठल्याही मराठी अक्षरासारखी आडवी, पण तिच्याखालचे सगळे दांडे तिरपे, त्यामुळे शब्दाचे पाय मागं राहिलेत आणि छाती पुढं गेलीय असं वाटायचं. उभा काळा टाइप दारात उभ्या असलेल्या माणसासारखा होता. त्याच्याकडे बघायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. हा टाइप तुमची बाही धरायचा. ‘सेल’ हा शब्द त्यात छापला की दुकान उद्या बंद होणार असं वाटायचं. ‘भव्य’ या शब्दातला भ शड्डू ठोकल्यासारखा दिसायचा. त्याचे दोषही होते. वेलांट्या आणि मात्रा खिळ्याच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षराच्या, अंगाबाहेर लोंबायच्या, शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकायच्या, आणि मजकूर चौकटीत जरा जास्त आवळला गेला की मोडायच्या. अक्षरं मोजकीच आली होती. क, र, स भरपूर, ळ दोन, ढ एक, आणि विसर्ग मुळीच नाही. कारखानदारानं विचार केला असेल की जिथं विसर्ग लागतो तिथं हा टाइप कोण वापरणार.

आमचा छापखाना उस्मानपुऱ्यात होता. खाली छापखाना, वर आम्ही तिघं: आप्पा, आई आणि मी. खाली पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं आणि ते सुरू झालं की वरच्या फडताळातली पितळी भांडी एका तालात थरथरायची. आवाजावरून आई सांगायची, आज जाड कार्डं छापायलेत, आज पातळ कागद. ज्वारीच्या भाकरी ती त्याच तालावर थापते असं आप्पा म्हणायचे आणि ती म्हणायची, मग मशीन बंद पडलं की जेवू नका. येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. यापलीकडे आमच्या जेवणात फार काही नसायचं, पण त्या आमटीचा वास आणि खालून येणारा शाईचा, रॉकेलचा वास हे दोन्ही मिळूनच मला घराचा वास वाटतो. शिशाचे हात स्वयंपाकघरात चालायचे नाहीत. नळापाशी चिंच आणि राख ठेवलेली असायची, हात चोळून धुवायचे, आईला दाखवायचे, मग पानावर बसायचं. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला व्हायचा तेव्हा दोन ताटल्या खाली जायच्या, एक माझी आणि एक उस्तादांची. उस्तादांची ताटली आणि कप वेगळे होते, जिन्याखालच्या कोनाड्यात. ते स्वतःच धुऊन ठेवायचे. त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. कुणालाच काही वाटत नव्हतं, निदान आमच्या बाजूला.

उस्ताद म्हणजे अब्दुल गनी, आमचे खिळे जुळवणारे. तरुणपणी ते कातिब होते, म्हणजे बोरूनं उर्दू लिहिणारे. त्यांनी लिहिलेला कागद दगडावर उतरवून त्यावरून छपाई व्हायची. पोलीस ॲक्शन झाली, कचेऱ्या हळूहळू मराठी झाल्या, शहागंजातला तो दगडी छापखाना बंद पडला. पंचविशीच्या माणसानं मग पहिलीचं पुस्तक आणून देवनागरी गिरवली आणि खिळे हातात घेतले. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांचं मराठी शुद्धलेखन आमच्या कॉलेजच्या मास्तरांपेक्षा भरवशाचं होतं. आणि नुसतं शुद्धलेखन नाही. लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना घरची माणसं हळदीकुंकू लावतात, म्हणून तिथं वेलबुट्टी ठासून भरायची नाही, हे त्यांनी मला शिकवलं. मयताच्या कार्डावर वर ‘श्री’ घालायचं नाही. ते कार्ड वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत, म्हणून त्याला फाटायला जड जाईल असा जाड कागद द्यायचा नाही. दुःखात सहभागी असणाऱ्यांची नावं वयानं लावायची, मानानं नाही, नाहीतर भाऊबंदकी होते. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आप्पांना यातलं निम्मं ठाऊक होतं. मला काहीच नव्हतं.

पळता टाइप आणायचा हट्ट माझा. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर छापखाना. क्रांती चौकात एका सर्कशीचं पत्रक बघितलं, त्यात तो तिरपा काळा टाइप होता, आणि मी महिनाभर आप्पांच्या मागं लागलो. पुण्याहून खोक्यात बांधून आला तो दिवस मला लख्ख आठवतो. उस्तादांनी एक खिळा उचलून डोळ्यांजवळ धरला, मग स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातपट्टीत, चार अक्षरं लावून बघितली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे हातातल्या स्टिकमध्ये हा टाइप डावीकडे झुकलेला दिसतो आणि कागदावर उतरला की उजवीकडे.

“हाथ में है तब तक हमारा,” उस्ताद म्हणाले, “कागज पे गया के तुम्हारा.”

“म्हणजे?”

“अरे मियाँ, उर्दू कौनसी तरफ चलती? स्टिकमधी हा आपल्या मोहल्ल्याकडं पळतो. छापला की तुमच्याकडं.” आणि मग स्वतःच हसले. “पळता टाइप. याला बांधून ठेवा, नाहीतर एखाद दिवशी पेटी घेऊन पळंल.”

पण वापरायचं कसं हे त्यांनी लगेच सांगितलं. एका कागदावर एकच ओळ. सगळेच पळायला लागले तर बघणारा कोण. उभ्या टाइपाला चिकटून लावायचा नाही, मध्ये जागा सोडायची, नाहीतर तो शेजाऱ्याच्या अंगावर पडल्यासारखा दिसतो. लोंबणाऱ्या वेलांटीच्या आधाराला पातळ कागदाची घडी. कुस्त्या, सेल, सिनेमा, जत्रा, निवडणूक. “घरात बोलायचं असंल तर हा नाही. हा रस्त्यावरचा,” ते म्हणाले.

(आता क्रांती चौकातून जाताना वर बघतो तर प्रत्येक फलक पळत असतो. वाढदिवस पळतो, क्लासची जाहिरात पळते. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की कुठलंही अक्षर वाकतं. परवा एक श्रद्धांजलीचा फलक बघितला, गेलेल्या माणसाच्या फोटोखाली सगळी अक्षरं तिरपी, जाड, पिवळ्या कडेची. कुणी थांबत नव्हतं, कुणाला काही खटकत नव्हतं. मी जे केलं ते आज केलं असतं तर चूक म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हा विचार मनात येतो तेव्हा मला हलकं वाटतं, आणि मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटते.)

आमचं बरंचसं काम कन्नडहून यायचं, कारण आप्पा मूळचे तिकडचे, आणि ते आणणारे होते रंगनाथराव पाटील. ऊस, जमीन, चार गावांत शब्द. जत्रेतल्या कुस्त्यांची पत्रकं त्यांनीच आमच्याकडे दिली आणि पळत्या टाइपाचं पहिलं मोठं काम ते ठरलं. ‘जंगी कुस्त्या’ एवढीच ओळ त्यात, बाकी सगळं उभं. उस्तादांनी ती अशी बसवली होती की कागद हातात घेतला की हलगी ऐकू यावी. कन्नडच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर, चहाच्या टपऱ्यांवर, उसाच्या गाड्यांवरसुद्धा ती पत्रकं चिकटली. रंगनाथराव खूश होऊन सांगत होते, लई माणूस लोटलं, आप्पासाहेब, कागदानंच ओढलं.

त्यानंतर पंधरवड्यानं त्यांच्या आई वारल्या. शुक्रवारी दुपारी त्यांचा गडी मजकूर घेऊन आला. आप्पा कागद आणायला गेले होते. उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते; दारात त्यांनी मजकूर वाचला, ‘इन्ना लिल्लाह’ असं काहीतरी पुटपुटले आणि मला म्हणाले, “बारीक मजकूर लावून ठेवा. वरची ओळ मी आल्यावर.” वरची ओळ म्हणजे ‘दुःखद निधन’. उभा मोठा काळा टाइप एका कापड दुकानाच्या कामात बांधून ठेवला होता, तो सोडवायला हवा होता. किंवा मग लहान उभ्या टाइपात ती ओळ सहज बसली असती.

गडी म्हणाला, “मालक, चारची गाडी धरायचीय.”

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की त्या गड्याला गाडी धरायची होती. पण तीन सुद्धा वाजले नव्हते आणि उस्ताद अर्ध्या तासात येणार होते. खरं कारण एवढंच होतं की मला तो टाइप आवडत होता. तो मी आणवला होता आणि महिन्याभरात त्याची एकही ओळ मला स्वतःच्या हातानं लावायला मिळाली नव्हती. मी पळता टाइप काढला आणि ‘दुःखद निधन’ जुळवलं. विसर्ग नव्हता, तर उभ्या टाइपातले दोन टिंबांचं चिन्ह, कोलन, तिथं घातलं. वाकलेल्या अक्षरांच्या मध्ये ती दोन टिंबं ताठ उभी राहिली. मी फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेला सगळा मजकूर, आवळला, मशीनवर चढवला, स्वतः पाय मारून दोनशे कार्डं काढली. छान दिसतायत असं मला वाटलं. हे मी लपवत नाही. मला वाटलं, आजवर मयताचं कार्ड इतकं उठावदार कुणी केलं नसेल. गड्याला वाचता येत नव्हतं. त्यानं गठ्ठा पिशवीत घातला आणि गेला.

उस्ताद आले, मशीनपाशी गेले, फर्म्यातली उलटी अक्षरं वाचली.

“गया?”

“हो. गाडीची घाई होती.”

उस्तादांनी रॉकेलचा बोळा घेऊन अक्षरं पुसली, सोडवली, एकेक करून खणात परत टाकली. त्यातल्या ‘नि’ची वेलांटी मोडली होती, ती त्यांनी बाजूला काढून ठेवली.

कन्नडच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रंगनाथराव आले. डोकं भादरलेलं, अंगावर साधं धोतर. आप्पा उठून उभे राहिले. रंगनाथरावांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक कुस्त्यांचं पत्रक, स्टँडच्या भिंतीवरून खरवडून काढलेलं, मागं वाळलेली खळ. दुसरं त्यांच्या आईचं कार्ड.

“हे कुस्त्यांचं. अन् हे माझ्या मायचं. मला जरा फरक दाखवा, आप्पासाहेब.”

आप्पांनी कार्ड उचललं. ते त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

“बाजारात पोरं काय म्हणायलेत माहितंय का? म्हणायलेत, पाटलाची म्हातारी गेली नाय, फडात उतरली. एकजण विचारायला, जोड कुणाशी लागली? दुसरा म्हणला, बक्षीस काय ठेवलंय? मी तिथंच होतो. मला बघून गप बसले.”

“चुकलं, रंगनाथराव. आजच्या आज नवी छापून देतो.”

“अन् वाटू कुणाला? माय दोनदा मेली म्हणून कळवू काय?”

आप्पांनी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “उस्ताद, जरा या.” उस्ताद फडक्याला हात पुसत दारात आले. मी त्यांच्या मागं, खिळ्यांच्या पेटीपाशी होतो. तिथून टेबल दिसत होतं, कार्ड दिसत होतं.

“हे तुम्ही जुळवलं?”

उस्तादांनी कार्डाकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पुढची ओळ कोण वाचणार असं विचारल्यासारखं. मी पेटीत बघत होतो. ळ च्या खणात एक क पडला होता, तो मी उचलला आणि त्याच्या खणात टाकला. एवढा वेळ त्यांनी मला दिला. मग ते म्हणाले, “जी. हमारे हाथ से गया.”

रंगनाथराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज उलट खाली आला. “जाऊ द्या आप्पासाहेब. यांचा दोष नाय. यांना आपल्यातलं काय कळणार? तुम्ही बघायला पायजे होतं.” उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले. अगदी समजूतदारपणे.

संध्याकाळी आप्पांनी माझ्याकडे हात करून सांगितलं, “उस्ताद, आजपासून पत्रिका सुधीर बघेल. लग्नाच्या, मुंजीच्या, दहाव्याच्या. तुम्ही बाकीचं बघा.” उस्ताद ‘जी’ म्हणाले. बाकीचं म्हणजे सेल, सिनेमा, कुस्त्या. उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिका ज्यांनी जुळवल्या होत्या त्यांच्याकडे आता फक्त रस्ता राहिला.

आणि पत्रिका मला जमत नव्हत्या. पहिलीच एका वकिलांच्या मुलीची होती. मी उस्तादांना विचारलं, आणि त्यांनी शिकवलं. पण खिळ्याला हात लावला नाही. हात पाठीमागं बांधून ते माझ्या शेजारी उभे राहायचे आणि सांगायचे: ‘आमचे येथे’ आणखी वर घ्या, वधूच्या आईचं नाव तुटलं दोन ओळींत, ते जोडा, इथं श्वास घ्यायला जागा ठेवा. आप्पा आत आले की ते आपल्या पेटीकडे वळायचे. पत्रिका चांगली निघाली. वकिलांनी पेढे आणले आणि आप्पांनी चार लोकांत सांगितलं की सुधीरच्या हाताला वळण आहे. आईनं त्या दिवशी पुरण घातलं होतं. उस्तादांसाठी दोन पोळ्या खाली पाठवल्या, त्यांच्या ताटलीत. मी वर बसून जेवलो. हे असं दीड वर्षं चाललं. दर आठवड्याला मला बोलायची संधी होती आणि दर आठवड्याला ती संधी थोडी जुनी होत गेली. आधी वाटलं, रंगनाथराव शांत झाले की सांगू. मग वाटलं, परीक्षा झाली की. नंतर वाटलं, आता सगळ्यांना सवय झालीय.

एक दिवस उस्तादांनी आप्पांना सांगितलं की डोळे साथ देत नाहीत, आता घरी बसतो. मला ठाऊक होतं ते खोटं होतं. आदल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांत बारीक टाइपाच्या उलट्या अक्षरांतली अनुस्वाराची चूक हातभरावरून पकडली होती. ते आपली स्टिक आणि फडकं घ्यायला आत आले. आप्पा बाहेर कुणाशी बोलत होते. मी म्हणालो, “उस्ताद, त्या दिवशी ते कार्ड…”

“नक्को,” ते म्हणाले. “मेरे सामने नक्को बोलो. तुम बोलेंगे तो मेरेकू माफ करना पडता.” त्यांनी फडक्याची घडी केली. “जहाँ चुप बैठे, वहाँ बोलो.”

उस्तादांना विचारलं आणि मी गप्प बसलो ती जागा चार पावलांवर होती. दोन्ही खोल्यांच्या मधलं दार. मी गेलो नाही.

पुढं मला बँकेत नोकरी लागली. गुलमंडीत तयार छापलेल्या, सोनेरी कडांच्या पत्रिका मिळू लागल्या, नुसती नावं घालायची. मग ऑफसेट आलं. आप्पांनी दोन वर्षं तग धरला आणि मग खिळे भंगारात काढले. रंगनाथराव तोपर्यंत वारले होते. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. उस्तादांनी काम सोडून सात वर्षं झाली होती. पेट्या उचलून नेल्या त्या दिवशी मी रजा काढून घरी होतो. खोली रिकामी झाली. फरशीवर पेट्यांच्या घोडीच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते. आप्पा मधल्या दारात स्टुलावर बसले होते आणि आईनं दिलेला चहा तसाच हातात होता. ती जागा, तीच. आता नाही बोललो तर इथं बोलायला काही उरणारच नाही, असं मला वाटलं.

“आप्पा, रंगनाथरावांच्या आईचं कार्ड मी जुळवलं होतं.”

आप्पांनी चहाचा घोट घेतला. 

“त्यात विसर्ग नव्हता,” ते म्हणाले. “कोलन होता. उभा. उस्तादांनी जीव गेला तरी घातला नसता.”

“मग तुम्ही…”

“त्या दिवशी मी पुढं विचारलं नाही.” कप त्यांनी खाली ठेवला. “कन्नडचं सगळं काम त्या माणसाकडून यायचं. अन् तू माझा मुलगा. उस्तादांना ठाऊक होतं, मला कळलंय ते. मी ‘पत्रिका सुधीर बघेल’ म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडं वर बघितलं नाही.”

मी काही बोलणार तेवढ्यात ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली. “चप्पल घाल,” म्हणाले.

उस्तादांचं घर शहागंजाच्या मागं एका बोळात होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघंही तिथं कधी गेलो नव्हतो. विचारत विचारत गेलो. उस्ताद ओट्यावर बसले होते, डोळ्यांना चष्मा. आम्हाला बघून ते चटकन उठले, आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला, आत नेलं, खुर्च्या पुसून दिल्या. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच, अडखळत, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “उस्ताद, वो कार्ड सुधीरने किया था. मुझे समझा था. मैं चुप रहा.”

उस्तादांनी चष्मा काढून कुडत्याच्या टोकाला पुसला. मग आतल्या पडद्याकडे बघून हाक दिली, “अजी, जरा इधर आओ. ये लोगाँ क्या बोल रहे, सुनो.”

पडद्याआडून त्यांच्या पत्नी आल्या. पदर डोक्यावर, हाताला पीठ. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. आप्पांनी तेच पुन्हा सांगितलं. त्या आधी नवऱ्याकडे, मग आप्पांकडे बघत राहिल्या.

“कौनसा कार्ड? वो पाटील का?” त्या म्हणाल्या. “वो तो इन्होंने बिगाडा था. घर आके खुद बोले. बोले, नजर चूक गई.” मग त्यांचा आवाज बदलला. “तीन बार आँख के दवाखाने लेके गई मैं इनकू. डॉक्टर बोलता, कुछ नहीं है. मैं बोली, कुछ कैसे नहीं, इतने साल का काम गया इनका. चश्मा मैंने लगवाया. इनके भांजे का रुक्का था शादी का. सब बोले, मामू से लिखवाओ, इनके जैसा कौन लिखता. मैंच बोली, नक्को, गलती कर देंगे, बिरादरी में हँसी हो जाएगी. मेरे सामने दूसरे ने लिखा.”

उस्ताद खिडकीतून बाहेर बघत होते. आप्पांची मान खाली गेली होती. बोळातून कुणीतरी सायकल हाकत गेलं. त्या बाई माझ्याकडे वळल्या, वरपासून खालपर्यंत मला बघितलं.

“तेरे अब्बा तो बोले. तू कुछ बोल रहा के नहीं?”

मी म्हणालो, “ते कार्ड मी जुळवलं होतं. उस्तादांनी थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही. आणि विचारलं तेव्हा मी बोललो नाही.” हे मी मराठीत म्हणालो, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ते आलं नसतं.

त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं, खाटेवर बसल्या आणि बाहेरच्या दारात गोळा झालेल्या दोन-तीन बायकांना आत यायची खूण केली.

“फिर से बोल,” त्या म्हणाल्या. “शुरू से.”

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.